ब्रँड तोच, बाटली तशीच, मग चव का वेगळी?

वाचकाचं पत्र:

ताई, दोन महिन्यांपूर्वी मेव्हण्याकडे गेलो होतो तेव्हा त्याने एक सिंगल बॅरल बर्बन, म्हणजे मक्यापासून बनणारी अमेरिकन व्हिस्की, पाजली. मी आयुष्यभर साधी ब्लेंडेड पिणारा माणूस, पण काय सांगू, व्हॅनिला, कॅरमेल, शेवटी संत्र्याच्या सालीसारखा हलकासा वास, डोक्यातून जाईचना. म्हणून तोच ब्रँड, तेच लेबल, तेवढंच प्रूफ (म्हणजे अल्कोहोलची ताकद) शोधून स्वतःसाठी एक बाटली आणली, नेहमीच्या बाटलीच्या दुपटीपेक्षा जास्त पैसे मोजून. उघडली तर ही भलतीच! तिखट, लाकूड चघळल्यासारखी कोरडी, गोडवा शोधावा लागतोय. मेव्हणा म्हणतो तुझ्या गळ्यात नकली माल मारला, बायको म्हणते माल अस्सल आहे, तुझी जीभ नकली आहे. त्यात आमच्या थोरल्या भावाचा, अण्णांचा साठावा वाढदिवस आलाय आणि त्यांना सिंगल बॅरलच द्यायची असं मी मनाशी ठरवून बसलोय. अण्णा २५ वर्षं एकच ब्लेंडेड ब्रँड पितात, बर्फ आणि भरपूर सोडा घालून. तर मी फसलोय का? सिंगल बॅरल म्हणजे सिंगल माल्टच ना? आणि अण्णांसाठी घेऊ की नको?
बुचकळ्यात पडलेला

उत्तर:

बुचकळ्यात पडलेले दादा,

सही वाचून आधी हसले, कारण तुमचा घोळ बूच उघडल्यापासूनच सुरू झालाय. तर पहिलं काम करा, बाटली हातात घ्या आणि लेबलवर बॅरल नंबर, म्हणजे पिंपाचा नंबर शोधा, पुढच्या लेबलवर नसेल तर मागच्यावर किंवा मानेवरच्या पट्टीवर असेल. मग मेव्हण्याला फोन लावून त्याच्या बाटलीवरचा नंबर विचारा. माझी खात्री आहे की दोन्ही नंबर वेगळे निघतील, आणि तसे निघाले तर तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिथेच मिळालं. सील नीट होतं, लेबल नीट होतं, तर फसवणूक वगैरे काही नाही. ब्रँड तुम्ही बरोबर आणलात हो, फक्त मेव्हण्याच्या बाटलीतली व्हिस्की ज्या पिंपातून आली होती ते पिंप तुमच्या वाट्याला आलं नाही. ज्या गोष्टीची तुम्ही तक्रार करताय ना, नेमके तिचेच तुम्ही जास्तीचे पैसे दिलेत.

म्हणजे बघा, नेहमीची व्हिस्की कशी बनते तर डिस्टिलरीच्या गोदामातून कधी डझनावारी तर कधी शेकड्यांनी पिंपं काढतात, ती सगळी एका मोठ्या टाकीत एकत्र करतात, आणि हे एकत्र करणं म्हणजे भेसळ नव्हे बरं का, ते फार कौशल्याचं काम आहे, एक पिंप जरा जास्त गोड असेल तर दुसरं कोरडं घेऊन तोल साधायचा, एखाद्यात लाकूड फार उतरलं असेल तर ते तरुण पिंपांमध्ये मुरवून टाकायचं, आणि शेवटी जी चव निघेल ती गेल्या वर्षीच्या, त्याच्या आदल्या वर्षीच्या बाटलीसारखीच लागली पाहिजे. अण्णांचा ब्रँड २५ वर्षं तसाच लागतोय तो काही आपोआप नाही, त्यामागे कुणीतरी रोज नाक खुपसून बसलेलं असतं. सिंगल बॅरलमध्ये ही पायरीच गाळलेली असते. एक पिंप उघडायचं, रिकामं करायचं, गाळायचं, बहुतेक वेळा पाणी घालून ठरलेल्या प्रूफवर आणायचं आणि बाटल्या भरायच्या. दुसऱ्या पिंपाचा थेंब त्यात नाही. त्यामुळे त्या पिंपाचे जे काही गुण असतील ते तुमच्या ग्लासात, आणि अवगुण असतील तेही.

पाणी घालतात हे वाचून दचकू नका. पुष्कळ लोक सिंगल बॅरल म्हणजे पिंपातून थेट, बिनपाण्याची असं धरून चालतात. तसली हवी असेल तर लेबलवर बॅरल प्रूफ किंवा कास्क स्ट्रेंग्थ लिहिलेलं असतं, ती वेगळी भानगड आहे. दोन्ही गोष्टी एका बाटलीत असू शकतात, नसूही शकतात.

आता एकाच डिस्टिलरीत, एकाच दिवशी, एकाच टाकीतून भरलेली दोन पिंपं सात-आठ वर्षांनी इतकी वेगळी का लागावीत? मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणातली खरी गंमत इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

बर्बनसाठी अमेरिकेत नियम कडक आहेत. धान्यात किमान ५१ टक्के मका हवा, स्पिरिट ८० टक्क्यांपेक्षा जास्त अल्कोहोलवर काढायचं नाही, पिंपात भरताना ६२.५ टक्क्यांच्या वर जायचं नाही, आणि पिंप ओकचं, नवंकोरं आणि आतून जाळलेलं हवं. रंग नाही, फ्लेवर नाही, पाण्याशिवाय काही मिसळायचं नाही. म्हणजे जो रंग दिसतो तो सगळा लाकडाचा, आणि चवीचा फार मोठा हिस्सासुद्धा लाकडाचाच. आणि लाकूड म्हणजे काय, झाड! एका पिंपाच्या फळ्या एकाच झाडाच्या नसतात, कुठली डोंगराच्या या बाजूची, कुठली त्या बाजूची, कुठली सावकाश वाढलेल्या झाडाची घट्ट रेषांची, कुठली भराभर वाढलेल्याची सैल रेषांची. आतून जाळताना कोळशाचा थर एका पिंपात किंचित जाड बसतो, दुसऱ्यात किंचित पातळ. त्या जळलेल्या थराखाली लाकडातली साखर कॅरमेलसारखी झालेली असते, तिथेच व्हॅनिलाचा वास देणारं व्हॅनिलिन असतं, तिथेच तोंड कोरडं करणारे टॅनिन्स असतात. तुम्हाला जे लाकूड चघळल्यासारखं वाटलं ना, ते टॅनिन्सचं काम. मेव्हण्याच्या पिंपातून व्हॅनिला जास्त उतरला, तुमच्यातून टॅनिन, साधा हिशोब.

पण लाकडापेक्षाही मोठा खेळ जागेचा आहे. बर्बनचं माहेर म्हणजे अमेरिकेतलं केंटकी राज्य, तिथली गोदामं, त्यांना रिकहाऊस म्हणतात, कित्येकदा पाच, सात, नऊ मजल्यांची असतात आणि पुष्कळ ठिकाणी आत एसी-हीटर काही नाही. उन्हाळ्यात वरचे मजले भट्टीसारखे तापतात, खालचे त्या मानाने गार आणि दमट राहतात. उष्णतेने पिंपातली व्हिस्की फुगते आणि लाकडात शिरते, थंडीत आकसून परत बाहेर येते, येताना लाकडातलं जे मिळेल ते घेऊन येते, आणि हे ये-जा वर्षानुवर्षं चालू. वरच्या मजल्यावरच्या पिंपात हे जोरात होतं, शिवाय तिथे अल्कोहोलपेक्षा पाणी जास्त उडून जातं त्यामुळे प्रूफ चढत जातं, तर अगदी खालच्या मजल्यावर प्रूफ तसंच राहतं किंवा उतरतंसुद्धा. म्हणजे सख्खी भावंडं, पण एक गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत वाढलेलं आणि एक तळघरात, मग स्वभाव सारखे कसे राहतील? बॅरल तितक्या चवी म्हणायचं आणि सोडून द्यायचं. काही डिस्टिलऱ्या हा फरक कमी करायला धडपडतात, मेकर्स मार्कवाले पिंपं वरच्या मजल्यावरून खाली हलवतात, फोर रोझेसची गोदामं तर एकमजलीच आहेत. आणि काहींना हा फरकच हवा असतो, जॅक डॅनियल्स १९९७ पासून जी सिंगल बॅरल काढतंय तिची पिंपं मुद्दाम वरच्या मजल्यांवरची निवडतात.

दरवर्षी पिंपातून जी व्हिस्की हवेत उडून जाते तिला एंजल्स शेअर म्हणतात. केंटकीच्या उन्हाळ्यात साधारण वर्षाला ३ ते ५ टक्के जाते, स्कॉटलंडच्या गारव्यात २ टक्क्यांच्या आसपास. देवदूतांना बर्बन जास्त आवडते असं दिसतंय. आता हिशोब करू. अमेरिकन पिंप ५३ गॅलनचं, म्हणजे अंदाजे २०० लिटर. वर्षाला ४ टक्के धरले तर आठ वर्षांनी १४४ लिटरच्या आसपास उरतात. ७५० मिलीच्या बाटल्या भरल्या तर १९०-१९२ बाटल्या झाल्या, पाणी घालून ५० टक्क्यांवर आणली तर २४० पर्यंत जातील. बस्स. एवढंच ते पिंप. मेव्हण्याच्या बाटलीची जेमतेम दोनशे भावंडं होती जगात, त्यातली बरीचशी एव्हाना रिकामी झाली असणार. तुम्ही कितीही दुकानं फिरलात तरी तोच बॅरल नंबर सापडणं म्हणजे गवताच्या गंजीत सुई शोधण्यासारखं आहे, म्हणून परत तीच चव मिळेल या आशेने दुसरी, तिसरी बाटली घेत सुटू नका. हे मी अनुभवाने सांगतेय, एकदा एक सिंगल बॅरल इतकी आवडली की त्याच नावाच्या आणखी तीन बाटल्या एका दमात घेऊन ठेवल्या, नंबर बघायचं सुचलंच नाही, आणि पुढची उघडली तर नुसती कडवट फळी! तिसरी बरी निघाली, चौथी अजून उघडायची हिंमत होत नाहीये.

बरं, हे प्रकरण फार जुनं आहे असंही नाही. म्हणजे पिंपातून थेट काढून पिणं जुनंच आहे, गोदामाची चावी ज्याच्याकडे तो नेहमीच चांगलं पिंप हेरून ठेवायचा. पण दुकानात विकायला सिंगल बॅरल म्हणून आणली ती १९८४ मध्ये, एल्मर टी. ली नावाच्या मास्टर डिस्टिलरने, केंटकीतल्या फ्रँकफर्टमध्ये, ज्या डिस्टिलरीला आज बफेलो ट्रेस म्हणतात तिथे. तेव्हा बर्बनला कुणी विचारत नव्हतं, लोक व्होडकाकडे वळले होते, बर्बन म्हणजे म्हाताऱ्यांचं पेय झालेलं, तर काहीतरी उंची काढून बघू असा तो प्रयत्न होता. नाव दिलं ब्लँटन्स, पूर्वी ती डिस्टिलरी चालवणाऱ्या अल्बर्ट ब्लँटनच्या नावावरून. हे ब्लँटनसाहेब पाहुण्यांसाठी वेअरहाऊस एच नावाच्या गोदामातली पिंपं निवडायचे असं सांगतात, आणि ते गोदाम पत्र्याचं आहे, म्हणजे लवकर तापणारं, लवकर गार होणारं. आजही ब्लँटन्सच्या लेबलवर पिंप कधी रिकामं केलं ती तारीख, पिंपाचा नंबर, गोदाम, रिकचा (पिंपं ठेवायच्या मांडणीचा) नंबर असं सगळं लिहिलेलं असतं. बुचावर घोडा आणि जॉकी, आठ प्रकारचे, प्रत्येकावर एक अक्षर, सगळे जमवले की ब्लँटन्स असा शब्द तयार होतो. लोक त्या बुचांच्या मागे वेडे होतात. करा हौस, पण बूच काही पिता येत नाही.

सिंगल माल्टचं विचारलंत ते बरं झालं, हा घोटाळा भल्याभल्यांचा होतो. दोन्हीकडे सिंगल आहे पण मोजतात ते वेगळंच. सिंगल माल्टमध्ये सिंगल आहे ती डिस्टिलरी, म्हणजे एकाच डिस्टिलरीत, फक्त माल्ट केलेल्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीपासून बनलेली, पण त्या एका बाटलीत शंभर पिंपांचं मिश्रण सुखेनैव असू शकतं आणि बहुतेक वेळा असतंच. सिंगल बॅरलमध्ये सिंगल आहे ते पिंप, मग आत बर्बन असेल, राय नावाच्या धान्याची व्हिस्की असेल, माल्ट असेल. स्कॉच माल्टमध्ये एका पिंपाची बाटली हवी असेल तर तिथे बहुधा सिंगल कास्क असा शब्द दिसेल, बाल्व्हेनीसारखे काही मात्र सिंगल बॅरलच लिहितात. आणि हो, स्मॉल बॅच या शब्दावर तर बिलकुल भाळू नका, कायद्यात त्याची व्याख्याच नाही, कुणाची स्मॉल म्हणजे दहा पिंपं, कुणाची दोनशे. याउलट बॉटल्ड इन बाँड हा शब्द दिसला तर त्याला वजन आहे, १८९७ चा कायदा आहे अमेरिकेचा, एकच डिस्टिलरी, एकच हंगाम, किमान चार वर्षं, बरोब्बर ५० टक्के.

म्हणजे सिंगल बॅरल हे शब्द तुम्हाला वय सांगत नाहीत, ताकद सांगत नाहीत, आणि व्हिस्की नेमकी कुणी बनवली हेही सांगत नाहीत. बरेच ब्रँड स्वतः काही गाळत नाहीत, तयार पिंपं विकत घेतात, इंडियाना राज्यातल्या लॉरेन्सबर्गमधल्या एका मोठ्या डिस्टिलरीची व्हिस्की तर कितीतरी वेगवेगळ्या नावांनी विकली जाते. त्यात वाईट काही नाही, ती उत्तम असते कित्येकदा, पण पुढच्या लेबलवर आजोबांचा फोटो आणि घराण्याची गोष्ट असेल तर मागच्या लेबलवर डिस्टिल्ड कुठे आणि बॉटल्ड कुठे हे वाचायची सवय लावून घ्या. गोष्टीचे पैसे वेगळे लागतात.

मग सिंगल बॅरल चांगली असते की नाही? मेव्हण्याकडच्या त्या पेगनंतर तुमच्या मनात असं बसलंय की सिंगल बॅरल म्हणजे वरचा दर्जा. थोडंसं खरंही आहे, कारण एकटं पिंप बाटलीत उतरवायचं तर त्याचे दोष झाकायला दुसरं कुणी नसतं, म्हणून डिस्टिलरीवाले त्यातल्या त्यात चांगली पिंपं बाजूला काढतात. पण चांगलं म्हणजे चारचौघांत उठून दिसणारं, सगळ्यांना आवडेल असं नव्हे. माझं स्वतःचं मत सांगायचं तर कित्येक सिंगल बॅरल एकसुरी लागतात मला, एकच गोष्ट मोठ्याने सांगतात, नुसती व्हॅनिला नाहीतर नुसतं लाकूड, तर चांगली मिसळलेली बाटली चार गोष्टी हळू आवाजात सांगते. फोर रोझेसचंच बघा, दोन धान्यमिश्रणं आणि पाच प्रकारचं यीस्ट मिळून त्यांच्या दहा रेसिपी आहेत, त्यांची नेहमीची सिंगल बॅरल त्यातल्या एकाच रेसिपीची, आणि स्मॉल बॅच चार रेसिपी एकत्र करून. माणसं दोन्ही बाजूंनी भांडतात. मी स्मॉल बॅचवाली, पण दर वेळी नाही.

बक्षिसांचीही एक गंमत सांगते. २०१९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को वर्ल्ड स्पिरिट्स काँपिटिशनमध्ये हेन्री मकेन्ना नावाच्या दहा वर्षांच्या सिंगल बॅरलला सगळ्यात उत्तम व्हिस्कीचा मान मिळाला. झालं, लोक तुटून पडले, जी बाटली आरामात मिळायची ती दिसेनाशी झाली. पण जरा विचार करा, परीक्षकांनी चाखली ती कुठल्यातरी एका पिंपातली, आणि लोकांनी नंतर पळवल्या त्या भलत्याच पिंपांतल्या! लग्नाला होकार द्यायचा थोरल्याचा फोटो बघून आणि मांडवात उभा धाकटा, तसलं काहीतरी. तोही चांगला असेल, घराणं तेच आहे, पण फोटो त्याचा नव्हता ना. म्हणून सिंगल बॅरलचा रिव्ह्यू वाचताना बॅरल नंबर दिलाय का बघायचा, नसेल तर तो रिव्ह्यू तुमच्या बाटलीचा नाही हे लक्षात ठेवून वाचायचा.

आता तुमच्या उघडलेल्या बाटलीचं. ती टाकाऊ समजू नका. मला शंका अशी आहे की मेव्हण्याची बाटली अर्धी संपलेली, बरेच दिवस उघडी असलेली होती. असंच असेल तर अर्धा फरक तिथेच आहे, कारण बाटलीत हवा शिरली की काही आठवड्यांत तिखटपणा थोडा बसतो. तुमची पहिलाच पेग ओतलेली, सगळ्यात जास्त दंगा करणारी. दोन-तीन पेग काढा आणि महिनाभर तशीच उभी ठेवा, आडवी नाही, नाहीतर बूच भिजून खराब होतं. मग ग्लासात ओतून दहा मिनिटं थांबा, अर्धा चमचा पाणी घाला, परत वास घ्या. ५० टक्क्यांच्या आसपासच्या व्हिस्कीत एवढंसं पाणी घातलं की कधी कधी दडलेला गोडवा वर येतो. प्यायच्या आधी तिखट काही खाल्लंय का, सर्दी झालीय का, हेही बघा, कारण ब्रँडला शिव्या देण्याआधी नाकाची चौकशी केलेली बरी.

आणि वहिनींनी जिभेवर जो आरोप केलाय त्याचा निकाल लावायचा सोपा उपाय आहे. मेव्हण्याला त्याची उरलेली बाटली घेऊन बोलवा. तीन सारखे ग्लास घ्या, दोनमध्ये एक व्हिस्की, तिसऱ्यात दुसरी, प्रत्येकात अगदी थोडी, ओतायचं काम वहिनींकडे आणि तुम्ही दोघं दुसऱ्या खोलीत. मग वेगळा ग्लास कुठला ते ओळखायचं. एकदा बरोबर आलं तर नशीब असू शकतं, म्हणून चार-पाच वेळा करा, पण घोट घोटच घ्या, पेग नको, नाहीतर पाचव्या फेरीला तीनचे सहा ग्लास दिसतील. ओळखता आलं तर तुमची जीभ अस्सल. नाही आलं तर मात्र दुप्पट पैसे देणं बंद करा, मी हे चेष्टेने म्हणत नाहीये, ज्याला फरक जाणवत नाही त्याला स्वस्तातली बाटली तेवढाच आनंद देते आणि त्यात कमीपणा काही नाही.

पुढे कधी स्वतःसाठी घ्यावीशी वाटलीच तर आधी त्या ब्रँडची साधी बाटली प्यालेली असू द्या, म्हणजे घराण्याची चव कळते आणि हे पिंप त्यापासून कुठे सरकलंय ते समजतं. जमलं तर बारमध्ये एक पेग घेऊन बघा, आणि बारमधल्या बाटलीचा नंबर आणि दुकानातल्याचा एकच असेल या भ्रमात राहू नका, फक्त बाज कळेल. ज्या लेबलवर सिंगल बॅरल एवढंच मोठ्या अक्षरात आहे आणि नंबर, तारीख, वय काहीच नाही ती मी सहसा उचलत नाही. काही दुकानं डिस्टिलरीत जाऊन स्वतः एक अख्खं पिंप निवडतात आणि त्याच्या सगळ्या बाटल्या विकतात, तिथे मात्र मजा आहे, कारण निवडणाऱ्या माणसाची आवड तुमच्या आवडीशी जुळली तर तो तुमचं अर्धं काम करून देतो, शिवाय पहिली बाटली आवडली तर लगेच जाऊन त्याच नंबरची दुसरी आणता येते. सिंगल बॅरलमध्ये हीच एक खात्रीची खरेदी. आणि दुर्मिळ म्हणून तिसऱ्याच माणसाकडून तिप्पट किमतीला घेऊ नका, नामांकित ब्रँडच्या रिकाम्या बाटल्या विकल्या जातात आणि त्या परत भरल्याही जातात, मेव्हण्याची शंका तिथे खरी ठरू शकते.

राहिले अण्णा. दादा, रागावू नका, पण ही भेट तुम्हाला अण्णांना द्यायची नाहीये, तुम्हाला झालेला आनंद त्यांनाही व्हावा असं वाटतंय. प्रेमच आहे त्यात. पण बघा ना, जो माणूस २५ वर्षं एकच ब्रँड पितो तो कशासाठी पितो? कालच्यासारखंच आजही लागावं म्हणून. त्याच्या हातात तुम्ही अशी बाटली देणार की जी आवडली तर परत मिळणार नाही आणि नाही आवडली तर तुमचं मन राखायला संपवावी लागणार. वरून बर्फ आणि भरपूर सोडा! सोडा घालणं पाप नाही, ज्याला जशी आवडते तशी प्यावी, फक्त दोन पिंपांमधला जो बारीक फरक, ज्याचे तुम्ही पैसे मोजणार, तो त्या बुडबुड्यांत कुठल्या कुठे जाईल. त्यामुळे माझं उत्तर नाही असंच आहे. त्यांच्याच ब्रँडची वरची, जास्त वर्षांची बाटली निघत असेल तर ती घ्या, ओळखीच्या चवीचा मोठा भाऊ, खूश होतील.

एवढं सांगूनही सिंगल बॅरलच द्यायची असेल, कारण तुमच्या पत्राचा सूर मला तसाच वाटतोय, तर प्रूफ तरी बेताचं बघा. एव्हन विल्यम्सची सिंगल बॅरल ४३.३ टक्क्यांची आहे, ब्लँटन्स ४६.५, जॅक डॅनियल्सची साधी सिंगल बॅरल ४७, या घरात ब्लेंडेड पिणारा माणूस दचकत नाही. नॉब क्रीकची नऊ वर्षांची ६० टक्क्यांची सिंगल बॅरल मला स्वतःला आवडते पण साठाव्या वाढदिवसाला ती अण्णांच्या हातात देऊ नका. आणि अण्णांना बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असतील तर वहिनींना आधी विचारा, म्हणजे थोरल्या वहिनींना.

तीन ग्लासांचा निकाल आणि दोन्ही बॅरल नंबर मात्र कळवा. दोन्ही नंबर सारखेच निघाले तर मी माझे शब्द परत घेईन आणि वहिनींची बाजू घेईन.

तुमची,
ताई